‘स्वदेस’चं चरणपूर पाहायला मेणवलीला: एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र. ‘स्वदेस’ हा हिंदी सिनेमा आम्ही एकत्र पाहिला आणि पुढे त्यातलं गाव शोधत वाईजवळच्या मेणवलीला गेलो. आतापर्यंत चार वेळा जाऊन आलोय. ओळखीच्यांना कळल्यापासून दर हिवाळ्यात तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एकाच गोष्टीचा दुसरीकडे संबंध आला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चरणपूर नावाचं गाव खरंच आहे का?

सिनेमातलं चरणपूर कथेसाठी रचलेलं आहे आणि ते उत्तर प्रदेशात दाखवलंय. पडद्यावर दिसणारं गाव मात्र बरंचसं आपल्या सातारा जिल्ह्यातलं, वाईपासून साधारण तीन किलोमीटरवरचं मेणवली आहे. अमेरिकेतून गावी आलेला सिनेमाचा नायक मोहन भार्गव ज्या नदीकाठी वावरतो, ती आपली कृष्णा. आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा तो फारसा चालला नाही. माणसांनी तो पुढे टीव्हीवर आणि घरी पुन्हा पुन्हा पाहून आपलासा केला.

२. उत्तरेतलं गाव दाखवायला वाईच का निवडतात?

दगडी घाट, पाण्याला लागून देवळं, जुने वाडे, मागे डोंगर, आणि हे सगळं मुंबईहून काही तासांच्या अंतरावर. वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात ते या घाटांमुळे. गंगेकाठचं गाव हवं असणाऱ्याला इथे कॅमेरा थोडा इकडे-तिकडे फिरवला की काम होतं. ‘गंगाजल’मधलं बिहार असो की ‘दबंग’मधलं उत्तर प्रदेश, दोन्हींसाठी वाईच वापरली गेली. इथल्या लोकांना चित्रीकरणाचं अप्रूप राहिलेलं नाही. रस्ता विचारला तर उलट तेच विचारतात, “कुठल्या पिक्चरचं बघायचंय?”

३. सगळं चित्रीकरण मेणवलीतच झालंय का?

नाही. मोहन नासात काम करतो, ते प्रसंग अमेरिकेत फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रात चित्रित झाले. मेणवलीत शोधायचं ते गावातलं: नदीकाठ, घाट, देवळांचं आवार, वाड्याचा परिसर. तेवढं डोक्यात ठेवलं की पुढचा गोंधळ टळतो. आमच्या पहिल्या फेरीत एक मित्र मोबाइलवर दृश्य लावून प्रत्येक भिंत त्याच्याशी जुळवत बसला. दोन तास गेले आणि घाटावर बसायचं राहिलं. सिनेमाला वीस वर्षं उलटून गेली आहेत. झाडं वाढली, भिंतींना रंग लागला, काही घरं नवीन झाली. आदल्या रात्री सगळ्यांनी सिनेमा पाहून घ्यावा (तीन तासांहून मोठा आहे, लवकर सुरू करा) आणि गावात फोन खिशात ठेवावा. ओळखीची जागा आपणहून समोर येते.

४. पुण्याहून कसं जायचं?

स्वतःची गाडी असेल तर सातारा रस्त्याने शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकी घाट. घाट उतरून पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई. पुण्याहून साधारण ८५ ते ९० किलोमीटर पडतं. पहाटे निघालात तर दोन ते सव्वादोन तास लागतात. हा खंडाळा म्हणजे लोणावळ्याचा खंडाळा नव्हे. आमच्यातल्या एकाने नकाशावर तोच लावला होता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेटहून वाईची किंवा वाईमार्गे जाणारी महाबळेश्वरची गाडी पकडावी. वाई स्टँडवरून मेणवलीला रिक्षा मिळते. थंडीच्या सकाळी चालत गेलात तरी छान वाटतं. रेल्वेचा विचार करत असाल तर वाठार स्टेशन आहे, पण तिथून पुन्हा वाहन शोधावं लागतं आणि एका दिवसाच्या सहलीत तेवढा वेळ परवडत नाही.

५. मुंबईहून एका दिवसात होईल का?

होतं, पण दमायला होतं. जवळपास २४० किलोमीटर एका बाजूने. पहाटे चारला निघायची तयारी असेल तरच. नाहीतर शुक्रवारी रात्री पुण्यात कुणाकडे तरी मुक्काम करा आणि शनिवारी पहाटे निघा. गाडी चालवणारे दोघं तरी हवेत.

६. दिवस कसा आखावा?

आमचा क्रम सांगतो. पहाटे साडेपाचला पुणं सोडायचं. आठच्या आत वाई. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन, मग गावात मिसळ नाहीतर पोहे आणि चहा. साडेनऊच्या सुमारास मेणवली. सकाळचं ऊन तिरपं असतं तोवरच घाट पाहायचा. वाडा त्यानंतर. दीडच्या सुमारास वाईत परत येऊन जेवण. दुपारी धोम (प्रश्न १२). चार-साडेचारला परतीची वाट.

ढोल्या गणपतीपाशी घाईत नमस्कार करून निघू नका. गणपतराव रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत पाहा. माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. मोहन चरणपुरात पाणी अडवून वीज करतो. त्याच्याआधी अडीचशे वर्षं याच नदीचा स्वभाव ओळखून कुणीतरी असं बांधकाम केलंय. आमच्यातली स्थापत्य अभियंता मैत्रीण दरवेळी त्या भिंतीपाशी थांबते आणि आम्हीही तिच्यासोबत थांबतो.

७. कुठला महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड असते, नदी शांत असते आणि पाचगणीकडची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून रस्त्यावर येते. सप्टेंबरअखेरची हिरवाईही सुरेख, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. एप्रिल-मेमध्ये घाटाचा दगड अकरा वाजताच तापतो आणि अनवाणी उभं राहवत नाही. जुलै-ऑगस्टमधल्या परिस्थितीसाठी प्रश्न १५ पाहा.

तारखा ठरवताना तीन गोष्टी पंचांगात बघा. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते आणि त्या दिवसांत वाईकडचे रस्ते भरून जातात. रंगपंचमीला शेजारच्या बावधनचं बगाड असतं, तेव्हाही तेच. हिवाळ्यात वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो एकेका घाटावर पाळीपाळीने चालतो. त्या वेळी गर्दी असली तरी जरूर जा. नदीलाच देवी मानून तिचा उत्सव करणाऱ्या गावात आपण आलो आहोत, हे तेव्हा समजतं.

८. मेणवलीत नेमकं काय पाहायचं?

आधी घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरणारा. वर मेणेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ आणि शेजारी विष्णूचं. सिनेमा पाहिलेल्याला इथे आल्यावर कुणी सांगावं लागत नाही. छायालेखनासाठी महेश अणे यांना या सिनेमाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सकाळच्या उन्हात त्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसा, म्हणजे त्यांनी इथे काय पाहिलं असेल ते कळेल. पाण्यावरून येणारा उजेड देवळाच्या काळ्या दगडावर हलत असतो.

मग घंटा. घाटावरच्या एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यांतलीच ही एक. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्याजवळून दोनदा गेलो आणि पाहिलीच नाही, कारण ती सिनेमातल्या जागांच्या यादीत नव्हती.

९. वाडा कुणाचा? आत सोडतात का?

नाना फडणवीसांचा. पेशवाईचा कारभार सांभाळणाऱ्या या माणसाला मेणवली गाव इनाम मिळालं आणि त्याने इथे सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळं बांधली. आत लाकडी कोरीव काम आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. इथे सांभाळून ठेवलेली मोडी कागदपत्रं अभ्यासकांत ‘मेणवली दप्तर’ म्हणून ओळखली जातात.

वाडा खासगी मालकीचा आहे. त्यामुळे राखणदार असेल आणि त्याने उघडला तरच आत जायचं, तो सांगेल तेवढाच भाग पाहायचा. भिंतींच्या चित्रांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. बंद असेल तर बाहेरून दिंडीदरवाजा आणि तटाची भिंत पाहून घाटाकडे परत या. सहल वाया जात नाही. आमच्या चार फेऱ्यांत तो दोनदाच उघडा मिळाला.

१०. मोहनसारखी कॅराव्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन जावं असं आमच्या ग्रुपच्या मनात आहे. गावात जाईल का?

सिनेमात ती गाडी गावात शिरते तेव्हा सगळं गाव बघायला जमतं. आजही मोठी गाडी घेऊन गल्लीत घुसलात तर गाव जमेल, पण वाट अडली म्हणून. गल्ल्या अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर नाहीतर उसाची बैलगाडी आली तर मागे घ्यायला जागा नसते. कॅराव्हॅन असो की टेम्पो ट्रॅव्हलर, मोकळ्या जागी उभी करून चालत आत जा. सिनेमातलं ‘यूँ ही चला चल’ लावायची हौस महामार्गावर भागवा. खंबाटकी चढताना ते गाणं फार शोभतं. गावात शिरताना आवाज बंद.

११. जेवायचं कुठे?

वाईत. मेणवली लहान गाव आहे, तिथे वीस माणसांचं जेवण आयत्या वेळी मिळेल असं धरून चालू नका. वाईत साध्या खानावळींत भाकरी, पिठलं, भरलं वांगं, ठेचा छान मिळतो. सहापेक्षा जास्त जण असाल तर सकाळी नाश्त्याच्या वेळीच दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवा.

१२. त्याच दिवशी पाचगणी-महाबळेश्वर उरकता येईल का?

पसरणी घाट चढला की पाचगणी, अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. त्यामुळे मोह होतो. पण शनिवार-रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि दोन्हीकडचं अर्धवट राहतं. त्याऐवजी धोमला जा. वाईपासून आठ-दहा किलोमीटर. धोमेश्वराच्या देवळापुढे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं वाटतं. जवळच धरण.

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालयही आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे काम या गावात बसून उभं केलं. आमच्यातल्या वाचणाऱ्या दोघांनी त्या दारापाशी फोटो काढला, बाकीचे गाडीत थांबले.

१३. पाणी अडवून वीज तयार करतात, ती जागा कुठे?

मेणवलीत जनित्र शोधू नका, तो कथेचा भाग आहे. पण हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि मला तो आवडतो. सिनेमात दिवा लागल्यावर एका म्हातारीच्या तोंडून ‘बिजली’ निघतं, तो प्रसंग ज्याच्या डोक्यात राहिलाय तोच हे विचारतो.

खरं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, फक्त या सहलीत बसणारं नाही. नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यातल्या बिलगाव इथे आदिवासींनी २००३ साली श्रमदानातून छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. पुढे तो सरदार सरोवराच्या पाण्यात सापडला. दुसरी गोष्ट आपल्या सातारा जिल्ह्यातली. इथल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारा जलविद्युत प्रकल्प, १९६० मेगावॉट क्षमतेचा. एका बाजूला एवढं मोठं काम आणि दुसऱ्या बाजूला एका पाड्याने स्वतः पेटवलेला दिवा. परतीच्या वाटेवर आमच्या गाडीत यावर एकदा इतका वाद रंगला की सुरूर फाट्याला वळायचंच राहिलं.

१४. घाटावर फोटो, व्हिडिओ, ड्रोन चालतो का?

स्वतःचे फोटो खुशाल काढा. कपडे धुणाऱ्या बायकांचे, आंघोळ करणाऱ्यांचे, लहान मुलांचे मात्र विचारल्याशिवाय नाही. “ताई, फोटो काढू का?” एवढं म्हणायला वेळ लागत नाही. नाही म्हणाल्या तर नाही.

घाटावर दहाव्या-बाराव्याचे विधी चालतात. डोकं भादरलेला माणूस, पिंड, कावळ्याची वाट बघणारे नातेवाईक दिसले तर कॅमेरा बंद करायचा आणि हसणं-खिदळणं थांबवून दुसऱ्या टोकाला जायचं. हे आधीच ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा. एकदा आमच्यातल्या एकाच्या हातून हे चुकलं. तिथल्या एका काकांनी शांतपणे म्हटलं, “बाळ, आमच्या आईचा दहावा आहे.” आम्ही माफी मागितली. त्यानंतर दरवेळी घाटावर पाऊल ठेवण्याआधी आम्ही वरून पाहून घेतो.

ड्रोनसाठी सरकारी नियम आहेत आणि शिवाय गावाची संमती हवी. माझं मत विचाराल तर नेऊ नका. त्या आवाजाने पाखरं उडतात आणि देवळातली शांतता जाते.

१५. पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेला असेल तर?

धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णा फुगते आणि खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. अशा वेळी देवळाच्या ओट्यावरूनच पाहायचं. “एकच पायरी खाली जातो” असं म्हणणाऱ्याचा हात धरून ठेवा. पोहता येतं की नाही हा इथे प्रश्नच नाही, कारण पायरी संपून डोह कुठे सुरू होतो ते वरून समजत नाही. कोरड्या दिवसांतही अनोळखी पाण्यात उतरू नये. पाय बुडवून बसलात तरी पुष्कळ.

१६. नेमकं त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या सिनेमाचं चित्रीकरण चालू असेल तर?

असं होऊ शकतं. घाटावर दिवे, तारा, माणसं आणि “थांबा, शॉट चालू आहे”. हुज्जत घालू नका. आधी वाडा आणि गाव पाहा, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं सोडतात. आमच्यासमोर एकदा घाटावर कापडी कमान उभी करून त्याला कुठलं तरी भलतंच गाव केलं होतं. शेजारी एक आजी नेहमीसारखी पणती ठेवून गेली.

१७. सोबत आई-बाबा येणार आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

देवळांपर्यंत सावकाश जमतं. खाली पाण्यापर्यंतच्या पायऱ्या उंच आहेत आणि धरायला कठडा नाही. वर झाडाखाली बसायला जागा आहे, तिथूनही नदी दिसते. खाली उतरणाऱ्यांनी एकजण त्यांच्याजवळ ठेवून जावं. स्वच्छतागृहाची सोय वाईतूनच करून निघा.

१८. अमेरिकेतून आलेल्या मित्राला घेऊन जायचंय. त्याच्या हातात एकच दिवस आहे. न्यावं का?

न्या. आमचा एक मित्र बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. डिसेंबरात आला, मुलीला घेऊन. तिने हा सिनेमा बाबांसोबत तिकडे पाहिला होता. त्यात एक प्रसंग आहे: गावात सिनेमा दाखवायला पडदा बांधलेला असतो, गावातले काही लोक त्याच्या मागच्या बाजूला बसून उलटं चित्र बघतात, वीज जाते आणि मोहन तो पडदाच काढून टाकतो. मेणेश्वराच्या आवारात तिने बाबांना विचारलं, “ते लोक मागे का बसले होते?” त्याने तिला पायरीवर बसवून जवळपास तासभर सांगितलं: स्वतःच्या आजोळच्या गावाबद्दल, तिथल्या दोन पाणवठ्यांबद्दल, कोण कुठे पाणी भरायचं त्याबद्दल. त्याने हे आम्हालाही इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी धोम राहून गेलं आणि कुणालाच वाईट वाटलं नाही.

अशा पाहुण्यासोबत फक्त एवढं करा: त्याला “मग, कधी येणार परत कायमचा?” असं विचारू नका. सिनेमा त्याने पाहिलेला आहे.

१९. परतताना वाहतूक किती लागते?

रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीहून उतरणारी सगळी गर्दी सुरूर फाट्याला एकत्र येते, पुढे खेड शिवापूरच्या टोलनाक्याला पुन्हा अडते. प्रश्न ६ मधली साडेचारची वेळ त्यासाठीच. ती चुकली तर वाईतच थांबा, घाटावरची दिवेलागण पाहा, जेवा आणि नऊनंतर निघा. आम्हाला हा दुसरा पर्याय जास्त आवडतो, पण सोमवारी सकाळी ऑफिस असणाऱ्यांना तो चालत नाही.

२०. मोहन परत जाताना सिनेमाची नायिका गीता त्याला एक पेटी देते. तसं काही तिथून आणता येईल का?

घाटाचा दगड किंवा वाड्याचा लाकडी तुकडा अजिबात नाही. पण बाजारातून आणा. कृष्णाकाठी पिकलेली हळद वाईच्या दुकानांत सुटी मिळते, तिचा वास पिशवीतूनही येतो. याच जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आमटी फार छान होते. साताऱ्याचे कंदी पेढे वाईतही मिळतात. हिवाळा असेल तर स्ट्रॉबेरी, पण ती डिकीत सामानाखाली ठेवू नका. मांडीवर घेऊन बसा आणि शिरवळ येईपर्यंत संपवा.